बाळाच्या नावासाठी आजी-पणजींची माहेरची नावे आठवावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बाळाचे नाव चारचौघांपेक्षा वेगळे असावे, असे आज बहुतेक तरुण आई-वडिलांना वाटते आणि त्यात गैर असे काहीच नाही. परंतु त्यासाठी जो शोध घेतला जातो, तो कानाला गोड लागणाऱ्या दोन-तीन अक्षरांच्या जुळणीपाशी येऊन थांबतो. त्यामुळे कियान, विआन, रियांश, कियारा अशी एकाच साच्यातील नावे पहिलीच्या वर्गात शेजारी शेजारी बसलेली दिसतात. मी अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले असून शाळेचे जनरल रजिस्टर माझ्या हातून लिहिले गेले आहे. त्या अनुभवावरून मला असे आग्रहाने म्हणावेसे वाटते की, क्वचित ऐकू येणारे आणि तरीही परंपरेतले नाव हवे असेल, तर ते नव्याने घडवावे लागत नाही. आपल्याकडे अशा नावांचा फार मोठा साठा आहे आणि त्यातील सर्वांत दुर्लक्षित भाग स्त्रियांच्या नावांचा आहे.

या विषयाला सध्या एक वेगळे महत्त्व आले आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांवर बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावीत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. आपल्याकडे मधले नाव निवडण्याची पद्धत नव्हती. ते वडिलांचे असे आणि आपोआप येत असे. गोपाळ गणेश आगरकर, महादेव गोविंद रानडे, विष्णू वामन शिरवाडकर ही नावे तिन्ही शब्दांसह उच्चारली की पूर्ण वाटतात, कारण त्या घडणीला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. आता त्या घडणीत आईचे नाव आले असून ते थेट बाळाच्या नावाला लागून उभे राहणार आहे. अशा वेळी बाळाचे नाव एकटे न उच्चारता चारही शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत, असे मी ओळखीच्या घरांतून नेहमी सुचवते. मुलीचे नाव ‘आ’ने संपत असेल आणि आईचे नाव ‘अ’ने सुरू होत असेल, तर पटावर हजेरी घेताना दोन्ही नावे एकमेकांत मिसळून जातात. या बारीकसारीक गोष्टींचा त्रास पुढे त्या मुलालाच होतो.

आईच्या नावाने ओळखले जाणे या भूमीला नवे नाही. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात गौतमी बलश्री आपला पुत्र सातकर्णी याचा गौरव करते, आणि तो राजा इतिहासात गौतमीपुत्र म्हणूनच ओळखला जातो. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. मात्र पुढच्या शतकांत आपण स्त्रियांची नावे जपली नाहीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि त्या क्षणापासून माहेरचे नाव फक्त माहेरच्या ओठांवर उरे. पुढच्या पिढीने आजीला ‘आजी’, ‘काकी’ किंवा ‘वहिनी’ म्हणूनच हाक मारली. अनेक कर्त्यासवरत्या माणसांना आपल्या पणजोबांचे नाव ठाऊक असते आणि पणजीचे माहेरचे नाव विचारले तर ते गप्प होतात. कोल्हापूर-सांगलीकडे पिढीजात वंशावळ सांगणारे हेळवी येतात, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, पण त्या नोंदींतही बहुतांशी पुरुषांचीच नावे येतात. त्यामुळे स्त्रियांची नावे शोधायची असतील, तर ती घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला, आणि शक्यतो आईच्या माहेरी जाऊन, विचारावी लागतात. हे विचारण्यासाठी फार वेळ उरलेला नाही, हे मी कळकळीने सांगते.

संतांच्या घरांकडे पाहिले तर हा साठा किती समृद्ध आहे याची कल्पना येते. नामदेवांच्या आईचे नाव गोणाई, पत्नीचे राजाई, बहिणीचे आऊबाई, मुलीचे लिंबाई, आणि सुनांची नावे लाडाई, गोडाई, येसाई व साखराई. त्याच घरात जनाई होती. चोखोबांची पत्नी सोयरा आणि बहीण निर्मळा. महानुभाव पंथात महदाइसा, उमाइसा; त्यांपैकी महदाइसेच्या धवळ्यांना, म्हणजे विवाहगीतांना, मराठी काव्यात मानाचे स्थान आहे. या नावांतील ‘आई’ आणि ‘इसा’ हे आदराचे प्रत्यय आहेत. ते ठेवायचे की सोडायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला स्वतःला लाडाई आणि येसाई ही नावे आहेत तशीच सुंदर वाटतात, आणि सोयरा हे नाव तर आजच्या कोणत्याही वर्गात ताठ मानेने उभे राहील.

मुलांच्या बाबतीत वाट थोडी सोपी आहे, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा होती. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव आणि नातू पुन्हा बाळाजी. रघुनाथरावांचा मुलगा आजोबांच्या नावाने पुन्हा बाजीराव. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही म्हणून अशा मुलाला घरात आप्पा, बाबू, बाळ असे दुसरेच नाव पडे. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव होते, हे आज किती जणांना आठवते? शास्त्राकडे वळायचे असेल, तर धर्मसिंधू या धर्मशास्त्रावरील ग्रंथात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम असे चार प्रकार सांगितले आहेत. राशीचे आद्याक्षर पाहणाऱ्यांना नाक्षत्रनाम माहीत असते, मात्र मासनामाकडे, म्हणजे जन्माच्या महिन्यावरून येणाऱ्या नावाकडे, सहसा कोणी पाहत नाही. मार्गशीर्षापासून क्रमाने कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश आणि पुंडरीकाक्ष अशी बारा नावे त्यात येतात. अच्युत, उपेंद्र आणि योगीश यांच्याइतकी भारदस्त आणि आज क्वचित ऐकू येणारी नावे शोधून सापडणार नाहीत.

याखेरीज मुलूख आणि कुलदैवत सांगणारी नावे आहेतच. जोतिबाच्या परिसरातील केदार आणि जोतिराम, खंडोबाच्या भक्तांतील मल्हारी, मार्तंड, म्हाळसा आणि बाणाई, सोलापूरकडील सिद्धाराम, धनगर समाजातील बिरदेव, तळकोकण आणि गोव्यातील रवळनाथ. पूर्वी नाव ऐकून माणसाचा प्रदेश कळत असे. यांतील अनेक नावे ‘गावंढळ’ म्हणून बाजूला टाकली गेली, याचे मला वाईट वाटते. कारण त्यांना कमी लेखण्यामागे नावापेक्षा ते धारण करणाऱ्या समाजाकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक होती.

जुने ते सारे उचलावे, असे मात्र मी म्हणणार नाही. आधीची मुले दगावली म्हणून पुढच्याला दगडू किंवा धोंडू म्हणण्यामागे आई-बापांची भीती आणि माया होती, हे समजून घेता येते. मुलगी नको होती म्हणून तिला ‘नकोशी’ म्हणणे ही सरळसरळ क्रूरता होती. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अडीचशेहून अधिक ‘नकोशीं’ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, हे फार चांगले काम झाले. नाव जुने असणे पुरेसे नाही. ते मुलाला आयुष्यभर अभिमानाने सांगता आले पाहिजे, आणि ते का ठेवले याचे उत्तर आई-वडिलांपाशी असले पाहिजे. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तेथील मोठ्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. नाव प्राचीन, त्या काळी विरळ, आणि त्यामागे एक खरे कारण. निवड अशी असावी.

नाव ठरवण्याची घाई करण्याचेही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, मात्र ती बाळाच्या नावाशिवाय करता येते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. रुग्णालयातील अर्जावर सुचेल ते लिहून टाकण्यापेक्षा बारसे होऊ द्यावे, आत्याने कानात नाव सांगावे, आणि घरातल्या सर्वांच्या तोंडी ते रुळले की मग नोंदवावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र, मतदारयादी अशा अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा असल्याने, दाखला हाती पडताच देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांतील नावे अक्षर न्‌ अक्षर तपासावीत. म्हाळसा किंवा निर्मळा यांसारखे ‘ळ’ असलेले नाव रोमन लिपीतून पुन्हा मराठीत येताना ‘म्हालसा’ आणि ‘निर्मला’ होऊन बसते, आणि मग ती दुरुस्ती शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत पाठ सोडत नाही.

परदेशातील मराठी कुटुंबांना याबाबत एक वेगळी संधी आहे. अमेरिकेसारख्या देशात मधले नाव पालकांना स्वेच्छेने निवडता येते, आणि आपली मंडळी तेथे बहुधा वडिलांचेच नाव घालतात. रोजच्या वापरासाठी तेथील लोकांच्या जिभेला सोपे असे नाव ठेवून, मधले नाव म्हणून पणजीचे माहेरचे नाव द्यावे, असे मी त्यांना सुचवीन.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत एक लहानसे सदर सुरू करावे आणि वाचकांकडून त्यांच्या घरातील, गावातील, कुलदैवताच्या परिसरातील विस्मृतीत चाललेली नावे मागवावीत. नावासोबत तालुका, ते कोणत्या पिढीत होते, आणि ते ठेवण्यामागचे कारण ठाऊक असल्यास तेही कळवण्यास सांगावे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे आवर्जून विचारावीत. सुरुवात म्हणून माझ्या आजोळच्या चार पिढ्यांतील स्त्रियांची नावे मी स्वतंत्र कागदावर या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज