बेट जमिनीसाठी घेत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिका आणि जपानमध्ये झालेल्या लढायांवर लेख आला होता. माहिती चांगली जमवलीय, पण शेवटी लेखक विचारतात की ना पीक ना खाण अशा एवढ्याशा खडकांपायी इतकी माणसं का मारली. ते वाचल्यापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितो. अहो, बेट जमिनीसाठी कोण घेतं? विमानं उतरायला धावपट्टी मिळते, प्यायला पाणी मिळतं, वादळात जहाजं नांगरायला आडोसा मिळतो आणि शत्रूची ये-जा डोळ्यांसमोर राहते, त्याच्यासाठी घेतात.

आपल्या ग्वाल्हेरकरांना तर हे लांब जाऊन शिकायची गरजच नाही. सालबाई इथून किती लांब आहे? शाळेत आम्ही ‘१७८२, सालबाईचा तह, २० वर्षं शांतता’ एवढंच घोकलं आणि मार्क मिळवले, पण त्या तहात नेमकं कोणी काय सोडलं आणि काय धरून ठेवलं हे कोणी सांगितलंच नाही. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठे आणि इंग्रजांत झालेल्या त्या तहात इंग्रजांनी वसई परत दिली, पण मुंबईशेजारची साष्टी दिली नाही, आणि तिच्याबरोबर घारापुरी, करंजा ही बंदरातली छोटी बेटंही दिली नाहीत. नकाशा उघडून बघा, ही सगळी बेटं मुंबई बंदराच्या भोवती बसलीयत. ज्याच्याकडे ती त्याचंच बंदर, हे इंग्रजांना पक्कं कळलं होतं, कारण शंभर वर्षं आधी त्यांनी खांदेरीचा अनुभव घेतला होता. १६७९ ला शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर माणसं उतरवून तटबंदी सुरू केली तेव्हा इंग्रजांची झोप उडाली, त्यांनी जहाजं आणून वेढा घातला तरी मराठ्यांच्या हलक्या होड्या त्यांना चुकवून बेटावर सामान पोचवतच राहिल्या, आणि शेवटी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली.

पाण्याचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे मालवणला गेलो होतो. होडीतून सिंधुदुर्गात उतरलो, ऊन रणरणतं, ओठांवर मीठ, आणि आत एका विहिरीतून तिथल्या माणसाने बादली ओढून मुलीच्या ओंजळीत पाणी ओतलं, ती म्हणाली बाबा गोड आहे! चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी. महाराजांनी १६६४ ला हेच कुरटे बेट का निवडलं ते मला त्या ओंजळीत कळलं. पाणी नसेल तर किल्ल्याचा तट कितीही जाड असू दे, आतली माणसं आठ दिवसांत हात वर करतात.

आता पॅसिफिक. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानकडून सायपान बेट घेतलं, आणि तिथे जपानात तोजोला पंतप्रधानपद सोडावं लागलं. का? कारण सायपानपासून टोकियो साधारण २,४०० किलोमीटर, म्हणजे बी-२९ विमान बॉम्ब घेऊन जाऊन परत येऊ शकतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती विमानं टोकियोवर गेलीसुद्धा, आणि हिरोशिमावर गेलेलं विमान शेजारच्या टिनियनवरूनच उडालं. तिथल्या मातीत काय पिकतं याचा हिशोब कोणीच केला नव्हता.

किंमत मोठी होती, हे मी नाकारत नाही. तरावा बेटावर १९४३ मध्ये ओहोटीने घात केला, होड्या प्रवाळाच्या कडेवर अडकल्या आणि मरीन सैनिक छातीभर पाण्यातून मशीनगनच्या समोर शेकडो मीटर चालत गेले, तीनच दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन आणि जपानी तर जवळजवळ सगळेच मेले. पेलेलियू बेटाच्या बाबतीत तर लेखकांचं म्हणणं मला पटतं, ती लढाई टाळता आली असती असं आजही बरेच अभ्यासक मानतात. पण त्याच सुमाराला उलिथी नावाचं बेटांचं कडं अमेरिकेने एकही गोळी न झाडता घेतलं, जपानी आधीच निघून गेले होते, आणि आत असलं बंदर मिळालं की शेकडो जहाजं एकदम नांगरावीत, तिथेच दुरुस्ती, तिथेच तेल. लेखात उलिथीचं नावही नाही याचं मला फार वाईट वाटलं.

आणि न्यू गिनीजवळचा जपानी तळ रबाऊल! तिथे लाखाच्या आसपास जपानी फौज होती, अमेरिकेने तिकडे चढाई केलीच नाही, नुसता सप्लाय तोडला आणि पुढे निघून गेले. ती फौज युद्ध संपेपर्यंत तिथेच भाजीपाला पिकवत बसली. आपल्या अंदमानचंही तेच, मार्च १९४२ मध्ये जपानने घेतलं आणि पुढे समुद्रावरचा ताबा गेल्यावर बेटावर अन्नाचे हाल झाले, त्यात तिथल्या आपल्या लोकांनी जे सोसलं ते वाचवत नाही. समुद्र हातात नसेल तर बेट घेणाराच बेटाचा कैदी होतो. फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनशी झालेल्या १९८२ च्या युद्धात बेलग्रानो ही युद्धनौका बुडाल्यावर अर्जेंटिनाचं आरमार बंदरात परतलं आणि बेटावरच्या हजारो सैनिकांना शेवटी शरण यावं लागलं. काळ्या समुद्रातलं स्नेक आयलंड रशियाने २०२२ ला युक्रेनवरच्या हल्ल्याच्या पहिल्याच दिवशी घेतलं, पण किनाऱ्यावरच्या तोफा आणि मिसाईलच्या माऱ्यात ते टिकवता आलं नाही, जूनअखेर सोडलं.

म्हणून विनंती आहे की या विषयावर पुढचा लेख छापाल तेव्हा सोबत नकाशा द्या, मोठा द्या, त्यात सायपानहून विमान कुठवर जाऊन परत येतं ते वर्तुळ काढा आणि मृतांच्या आकड्यांशेजारी हे अंतरही लिहा. जागा उरली तर कोपऱ्यात मुंबई बंदर दाखवा, सालबाईत आपण गमावलेल्या बेटांसकट.

आपला नेहमीचा वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर