गोड पुष्कळ आहे हो, पण टेकायला जागा?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मुलांच्या सुट्ट्या लागल्या की इंदुरात सहकुटुंब कुठे जावे याच्या याद्या सगळीकडे छापून येतात, आपल्या पत्रातही येतात. राजवाडा, सराफा, छप्पन, चिडियाघर, पाताळपाणीचा धबधबा. नावे बरोबर असतात, फोटो झकास असतात. पण यादी करणाऱ्याबरोबर चार वर्षांचा नातू आणि दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेला नवरा नसावा, असे मला दर वेळी वाटते. माझ्याबरोबर दोघेही असतात, म्हणून हे पत्र.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडे आली. नात नऊ वर्षांची. तिने येतानाच जाहीर केले होते की सराफ्यात जायचेच. आता सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीची पेढी. सराफांची शटरे खाली आली की त्याच दुकानांपुढे भट्ट्या पेटतात. रात्री नऊच्या आधी तिथे फारसे काही मिळत नाही आणि खरी बहार येते दहा-साडेदहाला. आमच्या घरी साडेनऊ ही नातवाची झोपायची वेळ. सुनेने त्याला दुपारी बळेबळे दोन तास झोपवले, मी संध्याकाळी सगळ्यांना नुसते वरण-भात वाढले (पोटात जागा हवी ना), आणि आम्ही निघालो.

रिक्षाने राजवाड्याशी सोडले. पुढे गर्दीतून चालायचे. नातीने राजवाड्याचे मजले मोजले, सात भरले. खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, हे तिला आजोबांनी दाखवले. 1984 सालच्या आगीची गोष्टही सांगायला घेतली. ती त्यांनी उभ्या उभ्याच सांगितली. समोर अहिल्याबाईंच्या पुतळ्याभोवती बगीचा आहे, तिथे घडीभर बसू म्हटले तर आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होते.

सराफ्यात शिरलो आणि मला मान्य करायलाच हवे, की असली गल्ली हिंदुस्थानात दुसरी नसेल. थंडीचे दिवस, त्यामुळे गराडूच्या कढया चढलेल्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, गराडू हा एक कंद आहे, फक्त हिवाळ्यात मिळतो. त्याच्या फोडी तळून वर लिंबू पिळायचे आणि मसाला भुरभुरायचा. पुढे दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटिस. जोशींच्या दहीवड्याशी तर नात हललीच नाही. दह्याने भरलेला दोना हवेत उडवून झेलायचा आणि चिमटीत एकदाच घेतलेले मसाले वेगवेगळे करून टाकायचे, हा तिथला खेळ. पुण्यात गेल्यावर तिने तो प्रयोग घरी केला, असे सुनेचे म्हणणे आहे. पुढचे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मग जलेबा. जलेबी नव्हे, जलेबा. कढईपाशी बसलेल्या माणसाने कापडाची पोटली मुठीत दाबली आणि तुपावर एक जाडजूड वेढा घातला, त्याच्या आत दुसरा, मग वरून आडव्या रेघा. एवढे करून तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत बसला. मला वाटले हा जाळणार आता. पण नेमक्या वेळी, मान न वळवता, त्याने सळईने तो उलटला. पाकातून काढून तराजूत टाकला, तीनशे वीस ग्रॅम. कागदावर ठेवून नातीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी ताटासारखा धरला, आणि पाक मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून स्वेटरच्या आत.

इथवर सगळे छान होते. त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल मला लिहायचे आहे.

नातीचे हात धुवायला नळ मिळेना. नातवाला शू लागली. मुलगा त्याला कडेवर घेऊन गर्दीतून उलटा निघाला. वाटेत एक बऱ्यापैकी मोठे मिठाईचे दुकान उघडे होते, आम्ही तिथून नुकतीच अर्धा किलो मिठाई घेतलेली. "स्टाफसाठी आहे," एवढेच उत्तर. शेवटी कुठे जमले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही, आणि स्वच्छतेत ओळीने आठ वेळा देशात पहिल्या आलेल्या शहराची नागरिक म्हणून मला त्याची लाजच वाटली. तेवढ्यात इकडे आमचे हे एका शटरला हात टेकून उभे. पाय थरथरत होते, पण तोंडाने "मी ठीक आहे." चाळीस वर्षांच्या संसारात "मी ठीक आहे" चा अर्थ मला कळतो. बसायला जागा बघितली. प्रत्येक ओट्यावर एक तर शेगडी, नाहीतर सिलेंडर, नाहीतर उष्ट्या दोन्यांची टोपली. अखेर एका रबडीवाल्याने आपले स्टूल काढून दिले. गिऱ्हाइकी ऐन भरात असताना तो स्वतः उभा राहिला. "बैठो बाबूजी." त्याचे नाव माहीत असते तर इथे लिहिले असते.

माझे माहेर रामबागेतले. लहानपणी वडील आम्हा भावंडांना सराफ्यात आणायचे तेव्हा बंद दुकानांचे ओटे हीच आमची बैठक असे. आई पदर सावरून ओट्यावर बसायची, वडील दोने आणून द्यायचे. सराफही काही म्हणत नसत. जुने लोक सांगतात की रात्रभर माणसांची वर्दळ राहिली तर दुकानांची आपोआप राखण होते, म्हणून पेढीवाल्यांनीच हे खाण्याचे ठेले लागू दिले. खरे-खोटे त्यांना ठाऊक, पण ओट्यावर बसलेली आई मला आठवते. आता ठेले वाढले, ओटे गेले. मध्यंतरी सराफ्यात पारंपरिक पदार्थच असावेत, मोमोज-चायनीज नकोत, असा मोठा वाद रंगला होता. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. माझे मत विचाराल तर मोमोजने माझे काही बिघडत नाही, नातवाने तेच खाल्ले. गल्लीत कोणते पदार्थ असावेत यावर सगळे बोलले, पण ते खाणाऱ्याने बूड कुठे टेकावे यावर कोणी बोलल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही छप्पनला, म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीत गेलो. आमच्या पिढीतले काहीजण छप्पन दुकानला नाके मुरडतात. 2020 मध्ये नवे रूप दिल्यापासून त्याचा मॉल झाला म्हणतात. म्हणू देत. मला ते रूप आवडले. गाड्या आत येत नाहीत, त्यामुळे मुलाचा हात सोडता येतो. मुलाचा हात सोडता येणे म्हणजे काय हे आजीलाच कळते. भरदिवसा जाता येते, बसायला जागा आहे, उजेड आहे. ह्यांनी तिथे ऐसपैस बसून शिकंजी घेतली. (डायबेटिस आहे. अर्धा ग्लास ठरला होता. ग्लास रिकामा निघाला. अर्धा मी प्यायले असे ते डॉक्टरांना सांगणार आहेत.) चव सराफ्याच्या तोडीची का, असे मुलाने विचारले. नाही, सराफ्याची मावाबाटी आणि तिथले मालपुवे यांची सर नाही. पण बसून खाल्लेल्या साध्या गोष्टीला उभ्याने खाल्लेल्या उत्तम गोष्टीपेक्षा जास्त चव लागते, निदान साठीनंतर.

चिडियाघराबद्दल फार लिहीत नाही. झाडांची सावली आहे, वाटा सपाट आहेत, मुले खूश होतात. मेट्रोचीही हौस झाली. 31 मे 2025 ला सुरू झाली तेव्हापासून नातवाला फोनवर तिचे आमिष दाखवले होते. डबा थंडगार, बसायला हवी तेवढी जागा, खिडकीतून सुपर कॉरिडॉरचे माळरान. पाच स्टेशने. शेवटच्या स्टेशनावर नातवाने विचारले, "आता काय बघायचं?" आम्ही त्याच गाडीने परत आलो. राजवाड्यापर्यंत येईल तेव्हा ती खऱ्या उपयोगाची होईल.

पण ज्या सहलीसाठी मी मुद्दाम लेखणी उचलली ती यातली नाहीच. पाताळपाणी ते कालाकुंड ही हेरिटेज गाडी. आम्ही दोघे गेल्या पावसाळ्यात जाऊन आलो. लहानपणी इंदुराजवळच्या महूवरून मीटर गेजच्या गाडीने ओंकारेश्वरला जायचो, तेव्हा हा घाट वाटेत लागे. रूळ रुंद करण्याच्या कामासाठी 2023 पासून ती गाडी बंद झाली. पण घाटाच्या या तुकड्यावर 2018 च्या डिसेंबरात सहलीसाठी म्हणून जी गाडी सुरू केली होती ती राहिली आहे. बोगदे आहेत, दरीवरचे पूल आहेत, पाऊस झाला असेल तर धबधबा गाडीतून दिसतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सगळी सहल बसून होते! ह्यांना पाच पावलांच्या वर चालावे लागले नाही.

आणि कालाकुंडला कलाकंद. स्टेशनावर पळसाच्या पानात बांधून देतात. कणीदार, फार गोड नाही, आणि पानाचा किंचित हिरवा वास त्याला लागलेला असतो. तो वास डब्यात घालून घरी आणता येत नाही, मी करून पाहिले. एवढ्याशा स्टेशनावर हे गोड कसे रुजले याचे कारण वडील सांगायचे. कालाकुंडहून पुढे चढ इतका की गाडीला जोडीचे इंजिन लावावे लागे. ते लागेपर्यंत गाडी थांबायची आणि थांबलेल्या गाडीतल्या माणसाला भूक लागायचीच. आसपासच्या गावचे दूध मग आटून खिडकीशी यायचे. आमच्या खिडकीशी आलेल्या बाईने पहिले पान मला दिले आणि दुसरे, न मागता, ह्यांच्या हातात ठेवले. त्याचेही पैसे घेतले, हे सांगायला हवे.

एक सावधगिरी मात्र छापाच. पाताळपाण्याला धबधब्याच्या वरच्या खडकांवर पावसाळ्यात मुलांना नेऊ नये. वरच्या बाजूला पाऊस झाला की इथे ऊन असले तरी पाण्याचा लोंढा एकदम येतो. 2011 च्या जुलैत असेच एका कुटुंबातले लोक प्रवाहात अडकून वाहून गेले होते. फोटोसाठी कठड्यापलीकडे जाणारे आजही दिसतात. आम्ही गेलो त्या दिवशी एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. आमचे हे मास्तरकीतून निवृत्त झाले असले तरी आवाज शाबूत आहे. बाप मागे आला.

तर संपादक महाशय, पुढच्या सुट्टीत यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे चार गोष्टी जरूर घाला. गाडी किंवा रिक्षा किती जवळ जाते, बसायला काय आहे, शौचालय कुठे आहे आणि किती वाजता गेलेले बरे. आपल्या एखाद्या वार्ताहराला एक सहा वर्षांखालचे मूल आणि एक सत्तरीचा माणूस बरोबर देऊन सराफ्यात पाठवा, बातमी आपोआप तयार होईल. महानगरपालिकेला माझे मागणे मोठे नाही. राजवाड्यासमोरचा बगीचा सुट्ट्यांत तरी रात्री उघडा ठेवा, गल्लीच्या दोन्ही तोंडांशी हात धुवायला नळ आणि दोन-दोन बाकडी द्या, आणि शौचालयाकडे बाण दाखवणारी पाटी डोळ्यांच्या उंचीवर लावा. सराफ मंडळींनाही विनंती आहे. आठवड्यात ज्या दिवशी पेढ्या बंद असतात त्या दिवशी ठेले संध्याकाळी सहालाच लागू द्यावेत, म्हणजे लहान मुलांना जागे असताना जलेबा खाता येईल.

नातवंडे पुन्हा मे महिन्यात येत आहेत. तेव्हा गराडू नसेल, हे नातीला अजून सांगितलेले नाही.

आपली नम्र,
एक आजी, सुदामानगर, इंदूर

ता.क. : आपल्याकडच्या याद्यांत शिकंजीला 'लिंबाचे सरबत' म्हटलेले मी दोनदा वाचले. दिल्लीकडे म्हणत असतील. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेवा घातलेली, आणि इतकी दाट की चमचा मागावा लागतो. तेवढी दुरुस्ती करावी.