रिपोर्ट नॉर्मल, तरी बेंबीतून रक्त : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : नवजात बाळांच्या रक्तस्रावात फॅक्टर तेराची (रक्ताची गुठळी पक्की करणाऱ्या प्रथिनाची) चाचणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या एका मुलीचा नमुना माझ्याकडे आला. नाळ गळून पडली होती आणि बेंबीतून रक्त पाझरत होतं. धार नाही, नुसता पाझर. कापूस बदलला की तासाभरात पुन्हा लाल. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन चाचण्या, पीटी आणि एपीटीटी, मी केल्या, प्लेटलेट मोजल्या. सगळं नॉर्मल. तसा रिपोर्ट माझ्या सहीने गेला आणि बाळाला घरी सोडलं. अडीच महिन्यांनी ते मेंदूत रक्तस्राव होऊन परत आलं.

रिपोर्ट चुकीचा नव्हता, अपुरा होता. पीटी आणि एपीटीटी रक्त गोठायला किती सेकंद लागतात एवढंच सांगतात. फॅक्टर तेराचं काम त्यानंतरचं : गुठळीतले फायब्रिनचे धागे एकमेकांना पक्के बांधायचे. तो नसेल तर गुठळी वेळेवर होते, पण शिवण घालून शेवटी गाठच मारली नाही तसं होतं, ती उसवते. ही उणीव तीव्र असलेल्या बहुतेक बाळांना पहिला रक्तस्राव बेंबीतूनच होतो आणि जवळपास 30 टक्के रुग्णांना कधी ना कधी मेंदूत. म्हणजे निसर्ग आधी खूण देतो. ती आमच्या हातून निसटते.

मुलगी परत आली तेव्हा, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) चढवण्याआधी घेतलेल्या नमुन्यावर मी फॅक्टर तेराची एक जुनी चाचणी केली. प्लाझ्मात कॅल्शियम घालून गुठळी करायची आणि युरियाच्या द्रावणात सोडून द्यायची. शेजारच्या नळीत निरोगी माणसाची गुठळी दुसऱ्या दिवशीही जेलीसारखी पांढुरकी तळाशी होती. त्या मुलीच्या नळीत काहीच नव्हतं, गुठळी विरघळून गेली होती. मी नळी उजेडात धरून कितीदा तरी हलवून पाहिली.

या चाचणीत फक्त तीव्र उणीव कळते, सौम्य असेल तर फॅक्टरची पातळीच मोजावी लागते. पण मेंदूतल्या रक्तस्रावाचा खरा धोका तीव्र उणिवेतच असतो. आधी चढवलेला प्लाझ्मा मात्र दात्याच्या फॅक्टरने सगळं झाकून टाकतो, म्हणून नमुना आधी घ्यायचा हे वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला ठाऊक हवं.

फॅक्टर तेराची तीव्र उणीव साधारण 20 लाखांत एकाला असते, फॅक्टर सातची 5 लाखांत एकाला. फायब्रिनोजेन आणि फॅक्टर दोन, पाच, दहा यांच्या उणिवाही अशाच दुर्मिळ आहेत. यांतल्या बहुतेक उणिवा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच उमटतात, आणि ते दोघेही सहसा ठणठणीत असतात. त्यामुळे मुलगा-मुलगी असा भेद इथे नाही. रक्तस्रावाचा आजार म्हणजे हिमोफिलिया आणि तो मुलग्यांचा, ही समजूत मुलींना फार महाग पडते. पाळीत होणारा अतिरक्तस्राव किंवा वारंवार होणारे गर्भपात यांमागे फॅक्टरची उणीव असू शकते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

फॅक्टर सात शरीरात काही तासच टिकतो. तेराचं तसं नाही, त्याचं अर्धं प्रमाण उरायलाही नऊ ते चौदा दिवस लागतात. म्हणून साधारण चार आठवड्यांतून एक डोस दिला तर मूल मेंदूतल्या रक्तस्रावापासून वाचू शकतं. फॅक्टर मिळत नसेल तिथे क्रायोप्रेसिपिटेटमधून (गोठवलेल्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या भागातून) तो देता येतो. इतक्या गंभीर आजारावर इतका सुटसुटीत प्रतिबंध मी दुसरा पाहिलेला नाही.

माझी मागणी अशी. नाळ गळल्यावर बेंबीतून रक्त येत राहिलं, तर पीटी-एपीटीटी नॉर्मल आहेत म्हणून तपास थांबवू नये, फॅक्टर तेरा पाहिल्याशिवाय बाळाला घरी सोडू नये, असा लेखी आदेश काढा. निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या भावंडांचीही तपासणी व्हावी, कारण प्रत्येक भावंडाला चारात एक इतका धोका असतो. आणि रक्तस्रावाच्या आजारांसाठीच्या मदतीत ‘हिमोफिलिया’ एवढाच शब्द असेल तिथे या उणिवांची नावंही घाला.

ती मुलगी वाचली. दर चार आठवड्यांनी तिची आई तिला डोससाठी आणते. तिचा उजवा हात अजून नीट उचलत नाही. पहिला नमुना आला त्या दिवशीही युरियाची बाटली आमच्या कपाटात होती.

आपली नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ