‘सूर्याच्या ३३ पट मोठे’ म्हणजे नक्की काय?

संपादक महोदय,

कृष्णविवराच्या बातमीला ‘सूर्याच्या ३३ पट मोठे’ असा मथळा दिला जातो, तेव्हा ते मोठे नसते, जड असते. २०२४ मध्ये गरुड तारकासमूहात सापडलेल्या ‘गाया बीएच ३’चे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३३ पट आहे. ते स्वतःभोवती फिरत नाही असे धरले, तर त्याच्या क्षितिजाचा, म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही सुटत नाही त्या सीमेचा, व्यास मात्र जेमतेम १९५ किलोमीटर भरतो. पुण्याहून नाशिकला जायला याहून थोडे जास्तच अंतर कापावे लागते. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर. मथळा नेमका उलटा झाला.

ही चूक एका शब्दाची आहे, ‘मोठे’च्या जागी ‘जड’ लिहिले की भागते. खटकते ते वेगळेच: हा ३३ चा आकडा आला कुठून, हे बातमीत नसते. जणू कोणी तराजूच लावला होता! कृष्णविवर दिसत नाही, दिसतो तो त्याचा जोडीदार तारा. दोघे एकमेकांच्या ओढीने सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात आणि आपल्या हाती लागते ती फक्त दिसणाऱ्याची चाल. त्या चालीवरून न दिसणाऱ्याचे वजन काढायचे असते.

हंस तारकासमूहातले ‘हंस एक्स-१’ हे कृष्णविवर घ्या. त्याचा जोडीदार निळा महाराक्षसी तारा आहे, लहान दुर्बिणीतूनही दिसणारा. त्याच्या वर्णपटातल्या रेषा ५.६ दिवसांत एकदा (तारा आपल्याकडे येताना) निळ्या टोकाकडे आणि एकदा (दूर जाताना) तांबड्या टोकाकडे सरकतात. हे सरकणे दिसायला किरकोळ असते. ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजनची रेषा ०.१६ नॅनोमीटर हलली, तर वेग निघतो सेकंदाला ७५ किलोमीटर. प्रत्यक्षात ही रेषा टाळलेलीच बरी. या ताऱ्यावरून वायूचा जोरदार वारा वाहतो, त्याचा प्रकाश त्या रेषेत मिसळतो आणि वेग चुकतो.

पुढचे गणित मोबाइलवरही होईल. ७५ चा घन ४,२१,८७५. त्याला ५.६ दिवसांनी गुणले की २३,६२,५००. हा आकडा १.०३६ ने गुणून एक कोटीने भागला की उत्तर ०.२४५. (कक्षा जवळपास वर्तुळाकार असेल तरच हे चालते. लांबुळकी असेल तर आणखी एक गुणक लागतो.) म्हणजे वस्तुमान सूर्याच्या पावपट? नाही. ही नुसती तळाची पायरी. जोडीदाराला वजनच नाही आणि कक्षा आपल्याला बरोबर कडेने दिसते, असे धरल्यावर एवढे निघते. खरे समीकरण असे: कृष्णविवराच्या वस्तुमानाचा घन, गुणिले कक्षेच्या कलाच्या (ती आपल्याला किती तिरपी दिसते त्या कोनाच्या; बरोबर कडेने म्हणजे ९० अंश) साइनचा घन, भागिले दोघांच्या एकत्रित वस्तुमानाचा वर्ग, याचे उत्तर ०.२४५. तारा सूर्याच्या ४० पट आणि कल २७.५ अंश घातला, की कृष्णविवर २१ पटीचे निघते.

पावपटीपासून २१ पटीपर्यंतची ही सगळी चढण कल आणि जोडीदाराचे वजन या दोन आकड्यांवर उभी आहे, आणि घोटाळे होतात ते इथेच. २०११ मध्ये हेच कृष्णविवर सूर्याच्या १४.८ पट असल्याचे मानले गेले होते. २०२१ मध्ये रेडिओ दुर्बिणींनी त्याचे अंतर नव्याने मोजले. ते सुमारे ६००० वरून ७२०० प्रकाशवर्षांवर गेले. तारा लांब आहे म्हणजे तो मानला त्याहून तेजस्वी, म्हणून मोठा, म्हणून जड. आणि मग कृष्णविवरही जड. ५.६ दिवस आणि ७५ किलोमीटर हे आकडे जागचे हललेसुद्धा नव्हते.

जोडीदाराचे वजन चुकले तर अख्खे कृष्णविवरच नाहीसे होते. मे २०२० मध्ये ‘एचआर ६८१९’ हे पृथ्वीला सर्वांत जवळचे कृष्णविवर, १००० प्रकाशवर्षांवर, म्हणून जगभर गाजले. तिथल्या दोन ताऱ्यांपैकी ४० दिवसांत फेरी मारणारा तारा सूर्याच्या पाचेक पट जड धरला होता, त्यामुळे अदृश्य सोबती किमान चौपट येत होता. तो तारा निघाला बाहेरची आवरणे जोडीदाराने ओरबाडून नेलेला, सूर्याच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. २०२२ मध्ये अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून पाहिले, तर तिथे दोन साधे तारे एकमेकांलगत फिरताना दिसले. तिसरे कोणी नव्हते. पहिल्या बातमीच्या मानाने ही दुसरी बातमी किती बारीक टाइपात आली, हे जुने अंक चाळले तर कळेल.

‘एलबी-१’ या अशाच एका जोडीची गोष्ट २०१९ ची. ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ५३ किलोमीटर, आणि हायड्रोजनच्या एका रुंद तेजस्वी रेषेचा, उलट दिशेने, ६.४. ती रेषा कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची मानली. जड असतो तो कमी हलतो, या न्यायाने ५३ भागिले ६.४ म्हणजे आठपट, आणि तारा आठ सूर्यांचा, म्हणून कृष्णविवर सुमारे ७० सूर्यांचे! पण त्या तेजस्वी रेषेच्या पोटात ताऱ्याची स्वतःची गडद रेषा पुढेमागे सरकत होती आणि तिच्यामुळे तेजस्वी रेषा हलल्याचा नुसता भास होत होता. काही आठवड्यांतच हे दाखवून दिले गेले.

‘गाया’ या युरोपीय अवकाशयानाने शोधलेल्या तीन कृष्णविवरांवर मात्र भरवसा ठेवता येतो. तिथे ताऱ्याचा वेग तर मोजला गेलाच, शिवाय या यानाने आकाशातले त्याचे डुलणेही मोजले, त्यामुळे कक्षेचा कल अंदाजाने घालावा लागत नाही. भुजंगधारी तारकासमूहातल्या ‘गाया बीएच १’भोवती सूर्यासारखाच एक तारा १८६ दिवसांत फेरी मारतो आहे. कृष्णविवर त्याला ‘गिळत’ वगैरे काही नाही.

जोडीत स्पंदक असेल तर वर्णपटाची गरजच उरत नाही. तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा अतिघन गाभा, स्वतःभोवती फिरताना ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवतो: फिरते घड्याळच. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांनी शोधलेला पहिला स्पंदक (२००४) अशाच जोडीतला: कपोत तारकासमूहातल्या ‘एनजीसी १८५१’ या तारकागुच्छात, सेकंदाला २०० वेळा फिरणारा, १८.८ दिवसांची कक्षा, आणि ती इतकी लांबुळकी, की दूरचे अंतर जवळच्या अंतराच्या १७ पट. असा स्पंदक शोधताना स्पंदांमधले अंतर कायम धरून ते एकावर एक रचले, तर संकेत पुसला जातो, कारण निरीक्षण चालू असतानाच त्याचा वेग बदलतो. म्हणून संगणकाला वेगवेगळे त्वरण धरून तीच नोंद पुन्हा पुन्हा तपासावी लागते. शिवाय पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीमुळे स्पंद आठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतात, तो हिशेब आधी वजा करायचा.

अशा जोडीत लंबवर्तुळ स्वतःही हळूहळू वळत जाते. त्या वळण्यावरून दोघांचे एकूण वस्तुमान निघते आणि त्याला कल लागत नाही. त्याच तारकागुच्छातल्या दुसऱ्या एका जोडीचे एकूण वस्तुमान २०२४ मध्ये असे ३.८८७ सूर्य इतके काटेकोर मिळाले. पण त्यातले स्पंदकाचे किती आणि सोबत्याचे किती, ही वाटणी करताना कल पुन्हा आडवा येतो. सोबत्याच्या वाट्याला २.०९ ते २.७१ सूर्य येतात. खालच्या टोकाला तो जड न्यूट्रॉन तारा ठरतो, वरच्या टोकाला हलके कृष्णविवर. तेव्हा पुढच्या वेळी हा आकडा ‘सुमारे अडीच’ असा गोल न करता दोन्ही टोकांसकट छापावा, एवढी विनंती.

आपला,
एक खगोल अभ्यासक, पुणे