काका, तुम्ही टॉर्च धरलीत

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण फोनवर मी आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ते असू दे, तेलाचा दाब किती दाखवतोय?" असं विचारून विषयच बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. शिवाय ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी आपल्या मराठी माणसांपैकी ज्यांनी हौसेने जुनी शिडाची बोट घेतली आहे, त्यांच्याही कानावर हे जायला हवं.

तेलाचा दाब उत्तम आहे, काका. मे महिन्यात क्रेनने बोट पाण्यात उतरवली, पट्टे सुटायच्या आधी मी इंजिन सुरू केलं आणि एक्झॉस्टमधून पाणी पडायला लागलं. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढून पाहिली. तेल स्वच्छ. पुसून परत घातली, परत ओढली. तरीही स्वच्छ. क्रेनवाला "निघा आता" म्हणून हात हलवत होता आणि मला रडू आवरत नव्हतं.

त्याच्या आदल्या वसंतात त्याच क्रेनखाली काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना सांगते. बोट सत्तावीस फुटी, 1970च्या दशकातली, सी अँड सी कंपनीची. ही कंपनी 1969 साली इथल्याच, ऑन्टॅरिओतल्या बोटी बांधणाऱ्यांनी एकत्र येऊन काढली. तिच्या बोटी अजून या सरोवरावर जागोजागी दिसतात आणि जीव लावावा अशाच आहेत. आत ॲटॉमिक फोर, चार सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन. ते बाहेरचं पाणी आत ओढून थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या धडातून, फिरवतं आणि त्यावरच थंड राहतं. म्हणजे ऑक्टोबरअखेर बोट बाहेर काढून क्रेडलवर, जमिनीवरच्या आधाराच्या चौकटीत, ठेवली की इंजिनाच्या पोटात सरोवराचं गोडं पाणी शिल्लक असतं. बोट पाण्यात असते तोवर खालचं पाणी तिला थोडीफार ऊब देतं. सरोवर एवढं खोल आहे की ते सगळं असं क्वचितच गोठतं. पण क्रेडलवर चहूबाजूंनी उणे वीसचा वारा. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं, आणि बिडाला ताणलं जाणं माहीत नाही. बीड तडकतं.

माझं तडकलं. ज्या यार्डाने पैसे घेऊन, पावतीवर शिक्का मारून, "इंजिन हिवाळ्यासाठी तयार" असं लिहून दिलं होतं, त्या यार्डाच्या देखरेखीखाली तडकलं. वसंतात तेल आल्याच्या चहासारखं दुधाळ निघालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं होतं, आणि ब्लॉकच्या बाजूला केसाएवढी चीर सापडली. मी विचारायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, जुनी इंजिनं आहेत, होतं असं. काम करताना मी थांबू का, असं मी आदल्या शरदात विचारलं होतं. ग्राहकांना बोटीवर थांबता येत नाही, असं उत्तर मिळालं होतं. आणि तडा गेल्यावर माझ्या नवऱ्याला बोलावून घ्या म्हणाले, म्हणजे त्याला नीट समजावून सांगता येईल. बोट माझ्या नावावर आहे. नवऱ्याला बोट लागते, तो धक्क्यावरूनच हात हलवतो.

हे इंजिन बनवणं 1980च्या दशकातच बंद झालं. दुसरं जुनं, दुरुस्त केलेलं इंजिन शोधून बसवण्यात त्या वर्षीची पुंजी गेली आणि शिडं उघडायचे दिवसही गेले. पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. काय चुकलं हे मला कोणी सांगेना. ज्यांना विचारलं ते एक तर खांदे उडवायचे, नाही तर बोट विकून टाक म्हणायचे.

मग कोजागिरीला, हातात दुधाचा पेला घेऊन, तुम्ही बाजूच्या खुर्चीवरून एवढंच विचारलंत, "ब्लॉकचं पाणी सोडलं होतं का त्यांनी, की नुसतं गुलाबी अँटीफ्रीज ओढवलं?"

एवढे महिने मी ज्याची वाट बघत होते तो हा प्रश्न होता. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला तो सुचला, त्या यार्डाला सुचला नाही. इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप, थर्मोस्टॅट, थंड इंजिनात बंद असते. अँटीफ्रीज, म्हणजे थंडीत न गोठणारा द्रव, आत ओढलं तर ते ब्लॉकला वळसा घालून सरळ एक्झॉस्टकडे जातं, मागून गुलाबी धार पडते, बघणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि ब्लॉकमध्ये सरोवराचं पाणी तसंच बसून राहतं. तुम्ही हे टेबलावरच्या दोन वाट्या आणि एका चमच्याने दोन मिनिटांत दाखवलंत.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही यार्डात आलात. (हे दुसरं यार्ड. इथे थांबू देतात.) क्रेडलवरच्या बोटीवर चढायला उंच शिडी असते आणि तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार काळ लोटला नव्हता. काकूंनी मला नंतर फोनवर चांगलंच झापलं, ते योग्यच होतं. तुम्ही वर आलात, केबिनच्या पायऱ्या बाजूला करून मी इंजिन उघडं केलं, आणि मी पाना तुमच्यापुढे धरला.

तुम्ही तो घेतला नाहीत. माझ्या दुसऱ्या हातातली टॉर्च घेतलीत.

बाकी सगळं मी विसरेन, पण ही गोष्ट नाही. एक बादली पालथी घालून तुम्ही त्यावर बसलात आणि पूर्ण दुपार टॉर्च धरलीत. माझा हात जिथे जाणार तिथे उजेड आधी पोचलेला असायचा. मी चुकीच्या नटाकडे वळले की उजेड वळायचा नाही, योग्य नटावरच थांबायचा, आणि मला कळायचं. एकदाही "दे इकडे" म्हणाला नाहीत. बुडाशी असलेला ब्लॉकचा प्लग मी काढला तेव्हा चार थेंब आले आणि थांबले. तुम्ही गप्प. मग खिशातून तारेचा एक तुकडा काढून माझ्या तळव्यावर ठेवलात. मी तो भोकात घालून फिरवला, आत काहीतरी खरवडलं, गंजाचा एक खपला सुटला आणि तपकिरी पाण्याची धार माझ्या मनगटावरून बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी, गेली. किती वेळ ते पाणी येत होतं! ते आत राहिलं असतं तर त्या वर्षी पुन्हा ब्लॉक फुटला असता.

"हे मागच्यांनी केलं नाही," एवढंच म्हणालात. नाव ठेवलं नाहीत, शिव्या घातल्या नाहीत. मग तेल बदललं, वापरलेल्या तेलातली आम्लं हिवाळाभर बेअरिंगांना खात बसतात म्हणून. इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, काढला. ही कामं माहितीपत्रकांतही सापडतात, त्यांची यादी मी इथे देत नाही. एक मात्र देते, कारण ते कुठल्याही पत्रकात नव्हतं. शेवटी तुम्ही मला एका पुठ्ठ्यावर लिहायला लावलंत, "ब्लॉक रिकामा, प्लग बाहेर, सी-कॉक बंद" (सी-कॉक म्हणजे बाहेरचं पाणी आत घेणारी तोटी), आणि तो पुठ्ठा इंजिनाच्या किल्लीला बांधून घेतलात. वसंतात कोणी घाईत किल्ली फिरवू नये म्हणून. "इंजिनरूममध्ये पुढच्या वॉचला, पुढच्या पाळीला, सांगून जायचं असतं," म्हणालात.

शिडीवरून उतरताना तुम्ही हर्णैबद्दल बोललात. तिकडे पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, आजोबा तुम्हाला लहानपणी त्या झापांच्या गाठी बांधायला लावायचे, स्वतः बांधत नसत. मला तेव्हा उमगलं की टॉर्च धरायला तुम्ही कुठे शिकलात.

मी नोकरीत बरीच हुशार माणसं पाहिली आहेत. ज्ञान मुठीत आवळून बसणारी, प्रश्न विचारला की समोरच्याला बारीक करणारी, काम स्वतः पटकन उरकून "झालं बघ" म्हणणारी. त्या शेवटच्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण पुढच्या वेळी आपण तिथेच उभे असतो, तेवढेच अडाणी. समोरच्याच्या हाताला वेळ लागणार हे माहीत असूनही शेजारी बसून उजेड धरणारी माणसं फार थोडी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने थंडीत, दुखऱ्या गुडघ्याने, नात्यातल्या नसलेल्या मुलीसाठी ते करावं, याला मी नुसतं "मदत" म्हणणार नाही. त्या यार्डाने माझ्याकडून पैसे घेतले आणि मला दाराबाहेर ठेवलं. तुम्ही पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत आणि मला माझ्याच इंजिनाच्या आत नेलंत.

आता कामाचं. माझ्या शेजारच्या क्रेडलवर एका गुजराती जोडप्याची बोट असते, तशीच जुनी, तेच इंजिन. ऑक्टोबरात त्यांच्या ब्लॉकचं पाणी सोडायचं ठरलं आहे. पाना त्यांच्या हातात असेल, टॉर्च मी धरणार आहे. तुम्ही शिडी चढायची नाही, असा काकूंचा निरोप आहे आणि मी तो मोडणार नाही. खाली खुर्ची ठेवते, थर्मासमध्ये चहा असेल, अडलं तर ओरडून विचारू.

त्याआधी जुलैत, वारा बेताचा असेल त्या रविवारी, पोर्ट क्रेडिटहून टोरांटो बेटांपर्यंत जाऊन येऊ. सुकाणू तुमच्याकडे. काकूंसाठी धक्क्यावर माझा नवरा आहेच सोबतीला.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सत्तावीस फुटीवाली