संचालकपदाची वाट आणि हळदीचा सौदा

महोदय,

व्यवस्थापन संस्थेच्या संचालकपदासाठी एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) २०१९चे निकष असे: पीएचडी, १५ वर्षांचा अनुभव (पैकी ३ वर्षे प्राध्यापकाच्या तोडीचा), मार्गदर्शनाखाली पूर्ण झालेल्या २ पीएचडी आणि ८ शोधनिबंध. घोडे अडते ते पीएचडी मार्गदर्शनावर. आधी मार्गदर्शक म्हणून मान्यता हवी, मग प्रत्येक विद्यार्थ्याची किमान ३ वर्षे. तोवर खुर्चीवर ‘प्रभारी’! निबंधांचे म्हणाल तर पैसे भरून छापणारी नियतकालिके आहेतच.

खऱ्या अभ्यासातून व्यवस्थापन संस्थेच्या प्रमुखपदी पोहोचलेल्यांचे उदाहरण म्हणजे अमेरिकेचे जॉर्ज शुल्ट्झ. ते कामगार-अर्थशास्त्राचे अभ्यासक. १९४९ला अमेरिकेतल्या एमआयटीची पीएचडी, तिथेच अध्यापन, मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आर्थिक सल्लागार परिषदेत काम. १९५७ला शिकागो विद्यापीठात प्राध्यापक, १९६२ ते ६८ तिथल्या बिझनेस स्कूलचे डीन. पुढे कामगारमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री. कामगार-मालक तंटे हा त्यांचा अभ्यासविषयच होता.

असे अभ्यासविषय आपल्याकडेही आहेत. सांगलीत हळद-बेदाण्याचे सौदे होतात. आवक, प्रत, शीतगृहातला साठा आणि दर यांची रोजची नोंद एमबीएच्या विद्यार्थ्यांनी दोन हंगाम ठेवली, तरी अस्सल निबंध निघेल. मात्र प्रतवारीचा रकाना वगळू नये. नाहीतर हलका माल जास्त आला तरी दर पडल्याचे दिसेल. संचालक निवडताना मुलाखतीत असे काम केले आहे का, एवढे तरी विचारावे.

– एक वाचक, सांगली