9 व्होल्ट, पण आत मायनस : अडॅप्टर शोधून देणाऱ्या काकांना आभार पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

छोट्या कीबोर्डला बदली अडॅप्टर हवा, एवढंच आम्ही विचारलं होतं. ‘कुठलाही 9 व्होल्टचा लावा’ असं सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही मात्र काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि का, हे सगळं सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ज्याचा अडॅप्टर बिघडलाय किंवा हरवलाय अशा प्रत्येकाला ही माहिती मिळायला हवी.

जुना अडॅप्टर खरंच गेला आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. वायर पिनपाशी किंवा डबीतून निघते तिथे आतल्या आत तुटते. मल्टिमीटर लावून ती हलवली की आकडा येतो-जातो. वायर ठीक असेल तर लोडवर, म्हणजे अडॅप्टरमधून करंट ओढला जात असताना, मोजा, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. नुसत्या मीटरला 9.1 व्होल्ट दाखवणारा अडॅप्टर 750 मिलिअँपिअर ओढल्यावर 6 वर येऊ शकतो. उष्णतेने आतला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकला की असंच होतं. या चाचणीसाठी 12 ओहमचा, किमान 10 वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर पुरतो. त्यात जवळपास 7 वॉट खर्ची पडतात, तो चटका बसेल इतका तापतो, म्हणून फरशीवर ठेवायचा आणि काही सेकंदांतच आकडा वाचायचा. उलट, ट्रान्सफॉर्मरचा जुना जड अडॅप्टर लोडशिवाय 12-13 व्होल्ट दाखवतो. तो त्याचा दोष नाही, लोड पडला की तो 9 च्या आसपास येतो.

लेबलवरची खूणही तुम्ही वाचायला लावलीत. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, लाटेसारखी रेघ म्हणजे एसी. काही जुन्या वाद्ययंत्रांचे आणि मोडेमचे अडॅप्टर 9 व्होल्ट एसीच देतात, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. लेबल पुसलेलं असेल तर सेलच्या कप्प्यावरून अंदाज येतो : एकापाठोपाठ जोडलेले 6 सेल म्हणजे 9 व्होल्ट. पण तो अंदाजच. 4 सेलच्या काही उपकरणांना 6 नव्हे, 9 व्होल्टचा अडॅप्टर लागतो.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते पोलॅरिटीचं, म्हणजे पिनमध्ये प्लस कुठे आणि मायनस कुठे याचं. आज सहज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांच्या पिनमध्ये आत प्लस आणि बाहेर मायनस असतं. बरेच जुने कीबोर्ड आणि गिटारचे पेडल नेमके उलटे. उपकरणात मालिकेत संरक्षक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर उलटा अडॅप्टर लावल्यावर नुसतं काही चालू होत नाही. डायोड समांतर असेल तर शॉर्ट होऊन फ्यूज किंवा तो डायोडच जळतो. दोन्ही नसतील तर कपॅसिटर आणि अँप्लिफायरची आयसी जाते. लेबल नसताना हे ओळखायची तुमची युक्ती तर फारच कामाची आहे : कीबोर्ड बंद, सेल बाहेर, मीटर ओहमवर. एक टोक हेडफोनच्या जॅकच्या बाहेरच्या कड्याला आणि दुसरं पॉवर जॅकच्या मधल्या खिळ्याला. ते कडं बहुतेक वेळा ग्राउंड असतं. वाचन जवळपास शून्य आलं तर आत मायनस.

पिनच्या मापाचंही तसंच. बाहेरून 5.5 मिलिमीटर दिसली तरी आतलं भोक 2.1 असतं किंवा 2.5. जॅकमधला खिळा 2.5 चा असेल तर 2.1 ची पिन त्यात जातच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. फसवते ती 2.5 ची पिन 2.1 च्या खिळ्यावर : बसते, पण सैल, आणि वाजवताना धक्का लागला की कीबोर्ड बंद पडतो. जुन्या पिनच्या भोकात 2.3 मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून पाहा. गेला तर 2.5, अडला तर 2.1.

अँपिअरबद्दल लोक उगाच घाबरतात. 850 मिलिअँपिअरच्या जागी 1 किंवा 2 अँपिअरचा चालतो, कारण उपकरण लागेल तेवढाच करंट ओढतं. व्होल्टला ही सवलत नाही. आत 7805 (व्होल्ट 5 वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) असेल आणि करंट 300 मिलिअँपिअर असेल, तर 9 व्होल्टवर तो 1.2 वॉट उष्णता काढतो, 12 वर 2.1 वॉट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर एवढ्यात तो तापून स्वतःला बंद करतो. अँप्लिफायरला तर हे व्होल्ट बहुधा थेटच पोचतात. म्हणूनच व्होल्ट बदलायचं बटण असलेला युनिव्हर्सल अडॅप्टर तुम्ही नको म्हणालात, ते पटलं. ते बटण कुणाच्याही बोटाने सरकतं.

शेवटी 9 व्होल्ट 1 अँपिअरचा, आत प्लस असलेला साधा अडॅप्टर घेऊन वायर उलटी जोडायची, हा तुमचा मार्ग सगळ्यात सोपा ठरला. अडॅप्टर सॉकेटमधून काढूनच वायर कापायची. हीट श्रिंकची (तापवल्यावर आक्रसणारी) नळी सोल्डर करायच्या आधीच वायरवर सरकवायची, आणि दोन जोड एकमेकांसमोर न ठेवता दीड-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करायचे, म्हणजे ते एकमेकांना टेकत नाहीत. पांढऱ्या पट्टीची वायर प्लस असतेच असं नाही, तेव्हा मीटरनेच ठरवायचं. जोडून झाल्यावर लाल टोक भोकात, काळं बाहेर : आकडा उणे 9 यायला हवा.

पिनजवळ ‘आत मायनस, फक्त कीबोर्ड’ अशी चिठ्ठी पारदर्शक टेपखाली चिकटवायला सांगितलीत, तीही लावली आहे. उद्या कुणी हाच अडॅप्टर राउटरला लावायला घेतला तर त्याला ती आधी दिसेल.

लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
कीबोर्ड वाजवणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही सगळे